धुण्याच्या दगडावरचे लाल वर्तुळ

निपाणी

निपाणीच्या स्टँडवर उतरले आणि शिंकांची माळच लागली. या गावाच्या हवेतच तंबाखू आहे हे मला कुणी सांगितले नव्हते. शेजारी भाजीची बुट्टी घेऊन बसलेल्या एक बाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "भाईरच्या दिसताय. ऱ्हावा चार दीस, जातंय बघा." चार दिवस राहायचे नव्हते, पण तसे सांगायलाही शिंकांनी उसंत दिली नाही. नाकाला पदर लावून मी रिक्षात बसले.

मी पुण्यात एका महाविद्यालयात भूशास्त्र शिकवते. म्हणजे दगड. आमच्या विषयात एक जुनी रीत आहे. मुलांना सहलीला न्यायचे, दगड दाखवायचा आणि प्रत्येकाने हातोड्याने त्याचा एकेक तुकडा काढून पिशवीत टाकायचा. त्याला नमुना म्हणतात. एक तुकडी गेली की दगड थोडा बारीक होतो, पुढची गेली की आणखी थोडा. मला या रीतीचा मनस्वी राग आहे. म्हणून काही वर्षांपूर्वी जांबोटीजवळच्या एका ओढ्यातल्या दगडाचे मी शेकडो फोटो काढले आणि ते संगणकात एकमेकांना जोडून त्याची हुबेहूब प्रतिकृती बनवली. फोनवर बोटाने फिरवा, वरून बघा, जवळ आणा. सोबत माझ्या आवाजात तासाभराचा पाठ. जगात कुठल्याही मुलाने फुकट बघावा आणि हातोडा घरी ठेवावा, हा हेतू.

दगडही तसाच होता. ओहोटीनंतर ओल्या वाळूवर बारीक लाटा उमटलेल्या असतात ना, तशाच लाटा, पण दगडातल्या. पृथ्वीवर मासादेखील नव्हता तेव्हाचा एक किनारा तिथे गोठून राहिला होता. आम्ही या लाटांना तरंगखुणा म्हणतो. त्या जिथे सर्वांत सुरेख होत्या तिथे मी प्रतिकृतीवर लाल वर्तुळ काढले होते आणि लिहिले होते, 'इथे पाहा'. नकाशावरची नेमकी जागाही दिली होती. अभ्यासाची शिस्त म्हणून.

निपाणीच्या सविताने हा पाठ पाहून मला पत्र लिहिले होते. "मॅडम, मी तुमचा दगड पाठ केलाय." लहानपणी तापात तिच्या एका पायातली ताकद गेली. ती कुबडी घेऊन चालते. बेळगावात एम.एस्सी. करते, पण विभागाची सहल निघाली की हिला होस्टेलवर ठेवून जात. तिने सगळा प्रकल्प माझ्या प्रतिकृतीवर केला होता आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तो परत केला. प्रत्यक्ष जागेवर जाऊन दिशा आणि मापे घेतल्याशिवाय हा प्रकल्प धरता येणार नाही, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटले नाही, पण खोडताही येईना. सविताने पुढच्या पत्रात लिहिले, "तुम्ही आलात तर मी जाईन. मापं तर घेईनच, पण मला एकदा त्याला हात लावायचाय." म्हणून दिवाळी झाल्याझाल्या मी निघाले.

तिचे घर एका बोळाच्या टोकाला होते. बोळात शिरले आणि पायच थबकले. समोरच्या दारातून माझाच आवाज येत होता. "आता या थराच्या खालच्या बाजूला बघा," मी आत कुणाला तरी बजावत होते. दारातून वाकून पाहिले तर सविताची आई सुपात पाने आणि तंबाखू घेऊन विड्या वळत होत्या आणि समोर तांब्याला टेकवलेल्या फोनवर मी शिकवत होते.

"यावा की, बसा," त्या म्हणाल्या. मग एकदम बोट वर केले. "थांबा हं. आता खोकतासा बघा."

आणि फोनमधली मी खोकले.

परक्या गावात आपला खोकला कुणाला तरी पाठ आहे हे कळल्यावर माणसाने कसे वागावे, हे मला अजून समजलेले नाही. "सवी अभ्यासाला लावत्याली," आई सांगत होत्या, "मग मलाबी सवय लागली. इड्या वळताना बरं पडतंय. कळत काय न्हाय, पण तुमचा आवाज रागाचा न्हाय." माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकानेही आजवर असे म्हटलेले नाही. मला फार बरे वाटले.

रात्री भाकरी आणि खर्डा होता. मिरचीचा पहिलाच घास गेला आणि मला कानांत घंटा ऐकू आल्या. सविताचा थोरला भाऊ महादेव, जो दुसऱ्या दिवशी आम्हाला जीपने नेणार होता, गंभीरपणे म्हणाला, "आज तिखट कमीच घातलंय, मॅडम. तुमी येणार म्हणून."

बेळगाव

निपाणी सोडल्यावर काळी जमीन मागे पडते आणि बेळगाव जवळ आले की रस्त्याच्या कडेची माती लाल होते. हा बदल मी पाठात नकाशावर दोन रंगांनी दाखवला आहे. जीपच्या खिडकीतून सविता तो बघत होती आणि वळणे यायच्या आधीच सांगत होती. तोंडाने माझीच वाक्ये. मला बोलायला तिने काही ठेवलेच नव्हते.

तिच्या महाविद्यालयात मला एक तास घ्यायचा होता. वर्ग भरलेला, बाकांवर मराठी आणि कानडी कुजबुज. मी पिशवीतून वाळूच्या दगडाचा तळहाताएवढा तुकडा काढला. एका खाणीच्या राडारोड्यातून उचललेला, त्याच्यावरही पुसट लाटा होत्या. पहिल्या बाकावरच्या मुलाच्या हातात तो दिला आणि विचारले, दोन लाटांमधले अंतर किती?

"पाव पेन, मॅडम," तो खाडकन म्हणाला.

मला वाटले थट्टा करतोय. पण मागून दुसरी म्हणाली, "पावाला जरा कमी. टोपण सोडून धरायचं." कुणी हसले नाही. तुकडा बाकांवरून फिरत गेला आणि उत्तरे येत राहिली. पाव पेन, पाऊण टोपण. मग डोक्यात प्रकाश पडला आणि मी खुर्चीवर बसलेच. फोटोत आकार कळावा म्हणून दगडावर काहीतरी ठेवायचे असते. कुणी नाणे ठेवते, कुणी हातोडा. मी माझे निळे पेन ठेवले होते. माझ्या सगळ्या फोटोंत तेच पेन. ही मुले तीन वर्षे दगड मॅडमच्या पेनात मोजत होती. प्रत्येकाच्या कंपासपेटीत पट्टी होती आणि ती कुणीही काढली नव्हती.

"पेन म्हणजे किती सेंटिमीटर?" मी विचारले.

मुले एकमेकांच्या पेनांकडे बघू लागली. आणि खरे सांगायचे तर मलाही ठाऊक नव्हते. ते पेन केव्हाच हरवले होते.

सविताने शांतपणे आपल्या पिशवीतून एक निळे पेन काढले. अगदी तस्सेच. बाजारात शोधून आणले होते, उद्या त्या दगडावर ठेवायला. तिने ते पट्टीला लावले. "चौदा, मॅडम." वर्गाने वहीत लिहून घेतले.

तास संपल्यावर विभागातल्या सरांनी चहा आणि कुंदा मागवला. बेळगावचा कुंदा पुण्यातही मिळतो असे मी समजत होते. तो गैरसमज पहिल्याच चमच्याला गेला. सर भरभरून कौतुक करत होते. "तुमचा पाठ बघून कुठकुठनं पोरं जांबोटीला येतात, मॅडम. परवा तर पार लांबनं एक बस आलती. फोन हातात धरून बरोब्बर जागेवर!"

मी आणखी कुंदा घेतला. अभिमानाने ऊर भरून आला होता. मी तिथेच विचारायला हवे होते, की येऊन काय करतात? ते सुचलेच नाही.

जांबोटी

जांबोटीकडे बस मोजक्याच, म्हणून महादेवची जीप. भाताची कापणी चालू होती. खाचरांत पेंढ्या उभ्या आणि मागे काळपट हिरवे डोंगर. दगड ज्यांच्या रानात होता त्या लक्ष्मीआक्का. मी मागे आले होते तेव्हा ओढ्यावर धुणे धूत होत्या, त्याच दगडावर. लाटांवर कपडा घासला की मळ झटकन निघतो, असे त्यांनी मला सांगितले होते. किनाऱ्याचा हा उपयोग माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हता. फोटो काढू का, म्हटल्यावर म्हणाल्या होत्या, "फोटूनं काय झिजतंय? काडा की." आणि गुळाचा चहा पाजला होता. मीही शब्द दिला होता, दगडाला टवका पाडणार नाही.

या खेपेला त्यांच्यासाठी पुण्याहून बाकरवडी नेली होती. अंगणात भात झोडपणे चालू होते. मला पाहिले आणि त्यांचा हात थांबला.

"आलासा?" त्या म्हणाल्या. "आता काय ऱ्हायलंय फोडायला?"

मी बाकरवडीचा पुडा हातात धरून तशीच उभी. काहीच कळेना. त्या ओढ्याकडे चालू लागल्या. आम्ही मागोमाग. उतार निसरडा होता. सविता कुबडी टेकत निम्मी उतरली, मग म्हणाली, "अण्णा, घे रं," आणि महादेवने तिला पाठीवर घेतले. ती हसत होती. एका हातात निळे पेन होते.

आणि दगड नव्हता.

म्हणजे होता, कडेने होता. मधोमध, जिथे सर्वांत सुरेख लाटा होत्या, तिथे एक खड्डा होता. टोकदार, पांढुरके, हातोड्याचे घाव. घाव बाहेरून सुरू होऊन आत गेले नव्हते, किंवा इकडेतिकडेही नव्हते. ते एका गोलात होते. मी फोन काढला, प्रतिकृती उघडली आणि लाल वर्तुळ समोर धरले. कडेला कड जुळली. मी जिथे 'इथे पाहा' लिहिले होते, तेवढेच लोकांनी नेले होते. वर्तुळाबाहेरच्या लाटांना कुणी हातही लावला नव्हता. त्या उन्हापाण्याने गुळगुळीत झालेल्या, मोजायला काही कामाच्या नाहीत.

इतकी शिस्तशीर नासधूस मी आयुष्यात पाहिलेली नव्हती.

"कुणी केलं हे?" शेवटी मी विचारले.

"कुणी म्हंजे? तुमच्या पोरांनी!" आक्कांचा आवाज चढला. "एक गट आला, दुसरा आला. फोन दाखवतेत, त्यात ह्यो दगड, त्यात तुमचा आवाज. मॅडमनी सांगितलंय म्हणतेत. मला वाटलं तुम्हीच धाडलासा. पावण्यांची माणसं म्हणून च्या दिला, गूळ दिला मी त्यास्नी! च्या पिऊन, कप हितंच वड्यात टाकून गेली. इसळूनबी ठेवली न्हाईत. मागनं बगायला आले तर माझा धुण्याचा दगड गेलता."

मी मट्कन खाली बसले. फोडणाऱ्यांना आक्कांनी माझ्या नावाने चहा दिला होता. हे मला सहन होईना. हातोड्याचा मला राग, म्हणून मी हा सगळा खटाटोप केला आणि त्याच खटाटोपाने जगभरच्या हातोड्यांना नेमका पत्ता दिला. मी रडले. आक्कांनी बघितले आणि तोंड फिरवले, पण पुढे ओरडल्या नाहीत.

सविताला महादेवने त्या खड्ड्याच्या काठावर बसवले होते. ती रडत नव्हती. खरे तर तिचेच सगळे गेले होते. प्रकल्प गेला, वर्ष गेले आणि ज्याला हात लावायला आली तेही गेले. ती त्या घावांवरून हात फिरवत होती. मी तिला म्हणाले, "चल बाळा, निघू या."

"थांबा," ती म्हणाली.

खड्ड्याच्या तळाशी पावसाळ्याचा चिखल आणि पाने साचली होती. तिने त्यात हात घातला होता, मनगटापर्यंत. डोळे मिटले होते. हात हळूहळू डावीकडून उजवीकडे जात होता, मग परत.

"आक्का, पाणी घाला की जरा."

लक्ष्मीआक्का नाइलाजाने वाकल्या आणि ओंजळीने पाणी उडवू लागल्या. मग ओंजळ पुरेना म्हणून महादेवने डोक्यावरची टोपी वापरली. चिखल वाहून गेला आणि खाली लाटा होत्या.

वरचा थर फोडून नेला होता, म्हणून त्याच्या खालचा उघडा पडला होता. आणि त्याही थरावर लाटा होत्या, कोऱ्या, तीक्ष्ण कडांच्या, पहिल्यांदाच ऊन बघणाऱ्या. वाळूचा दगड असा पानापानांनी बनतो हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. पण त्या क्षणी मला ते सुचले नव्हते. मी उठून निघाले होते.

"तिरक्या हायत्या, मॅडम," सविता म्हणाली. "वरच्या अशा होत्या, ह्या अशा. त्या आधीच्या दिवशी पाणी दुसरीकडनं आलतं." तिने निळे पेन लाटांवर ठेवले, थोडा वेळ बघितले, मग ते उचलून बाजूला ठेवले आणि पट्टी मागितली. महादेवने होकायंत्र धरले, मी आकडे लिहिले. ती एकेक लाट हाताने चाचपून मोजत होती. घाई अजिबात नव्हती. मधेच तिने नुसता तळवा तिथे टेकवून ठेवला, बराच वेळ.

आक्का पुढे आल्या. वाकून निरखत म्हणाल्या, "धुणं हुईल की ह्यावर!"

मला इतके हलके वाटले, की सवयीने मी पिशवीतून कॅमेरा काढला.

"ठेवा तो आत!" आक्का गरजल्या. "लई झालं. फोटू न्हाय."

मी ठेवला. मला मान्यच होते. पण सविता म्हणाली, "काढू द्या, आक्का."

मी चकित होऊन तिच्याकडे पाहिले.

"हे नसतं तर मला दगड कळलाच नसता," ती आक्कांना सांगत होती. "मी होस्टेलवर बसून शिकले. माझ्यासारखी आणि कोण तरी असंल की कुठं. तिला कोण आणणार पाठीवर बसवून?"

"आणि ती दुसरी आली म्हंजे? हातोडीवाली? च्या मीच करायचा, आणि दगडबी माझाच?" आक्कांनी माझ्याकडे बोट केले. "तुमच्या घरला धाडा की त्यास्नी! तुमचा पत्ता द्या. च्या तुमी पाजा."

त्या चिडून बोलल्या होत्या. पण सविता आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो.

"तसंच करू या, मॅडम," सविता म्हणाली.

आक्का तयार झाल्या, पण अट घातली. कुणाला इकडे पाठवायचे झाले तर आधी फोन करायचा. मग मी फोटो काढले. पेन ठेवले नाही, पट्टी ठेवली. लाल वर्तुळ काढले नाही. वर घरी गेल्यावर तांदळाची भाकरी आणि वाटाण्याची उसळ मिळाली, नंतर गुळाचा चहा. बाकरवडी आक्कांना गोड लागली, यात काय मसाला हाय का न्हाय, म्हणाल्या. निघताना मी सगळ्यांचे कप विसळून पालथे घातले.

परत पुण्यात

जुना पाठ मी काढून टाकला. नवा चढवला आहे, त्यात माझ्याबरोबर सविताचाही आवाज आहे. तिचा प्रकल्प मान्य झाला. परीक्षकांनी अंतर विचारले, ते तिने सेंटिमीटरमध्ये सांगितले. निपाणीला तिची आई म्हणतात, नव्या पाठात खोकला न्हाय, चुकल्यासारखं होतंय.

आणि नकाशावर त्या दगडाची खूण आता पुण्यात आहे, माझ्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर.

पहिल्यांदा खालून वॉचमनचा फोन आला तेव्हा तो घाबरलेला होता. "मॅडम, हातोडे घेऊन काही लोक आलेत, तुमचंच घर म्हणतात." चार तरुण होते. त्यांनी फोनकडे, माझ्या दाराकडे आणि पुन्हा फोनकडे पाहिले. मी त्यांना आत घेतले, चहा दिला, लाटा समजावून सांगितल्या, घावांचे फोटो दाखवले. ते हळहळले. मग मी आत जाऊन लक्ष्मीआक्कांना फोन लावला. पाठवू का, म्हणून विचारले.

त्यांनी नाव विचारले नाही, गाव विचारले नाही, कुठल्या विद्यापीठाचे तेही विचारले नाही.

"च्या पिऊन कप इसळला काय त्यांनी?"

मी बाहेर डोकावले. कप टीपॉयवर होते, एकात बिस्किटाचा तुकडा तरंगत होता. मी त्या चौघांना सांगितले, ओढ्याला पाणी आहे, सध्या जाता येणार नाही.

असे बरेच येऊन गेले. गेल्या रविवारी एक मुलगी आली, एकटी, सोलापूरकडची. फार बोलली नाही. चहा संपला तशी उठली आणि मी नको नको म्हणत असताना स्वयंपाकघरात गेली. नळाचा आवाज आला. तिने स्वतःचा कप विसळला, मग माझाही घेतला.

मी आक्कांना फोन केला, आणि मग तिला सगळा पत्ता लिहून दिला. कुठे उतरायचे, कुठून वळायचे, धुणे चालू असेल तर थांबायचे. ती गेली. तिचा हातोडा दाराशी, माझ्या चपलांशेजारी आहे.